प्रकल्प नोंदी: गेटवेच्या नेटवर्क पोर्टांची नावे रीबूटनंतरही तीच राहावीत यासाठी

११ जून २०२४, मंगळवार

सकाळी साडेसातला अभ्यासिकेचे कुलूप उघडल्यावर पाचच मिनिटांत ग्रंथपाल मॅडमचा फोन आला की बावीसपैकी एकाही संगणकावर इंटरनेट नाही. रात्री वीज गेली होती, यूपीएसची बॅटरी पहाटे केव्हातरी संपली आणि वीज आल्यावर गेटवेचे यंत्र (आतले सगळे संगणक ज्याच्यामार्फत इंटरनेटवर जातात ते) आपोआप सुरू झाले होते, एवढेच त्यांना ठाऊक होते. मी जाऊन यंत्राला मॉनिटर जोडला तेव्हा दिसले ते बुचकळ्यात टाकणारे होते: यंत्रावरून बाहेर पिंग (जोडणी तपासणारा संदेश) व्यवस्थित जात होते, आतल्या संगणकांना पत्ते वाटणारे डीएनएसमास्क चालू होते, काय येऊ-जाऊ द्यायचे ते ठरवणाऱ्या फायरवॉलचे नियम चढलेले होते, आणि तरीही आतल्या एकाही संगणकाला आयपी पत्ता मिळत नव्हता.

यंत्राची रचना येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन ११ हे लिनक्स. मदरबोर्डवर इंटेलचा एक पोर्ट आणि पीसीआय एक्सप्रेसच्या दोन खाचांत रिअलटेकची दोन सारखी कार्डे. मदरबोर्डवरचा पोर्ट आतल्या नेटवर्कसाठी, वरचे कार्ड मुख्य फायबर जोडणीसाठी आणि खालचे कार्ड राखीव जोडणीसाठी, जिच्यावर डेटाची मासिक मर्यादा आहे. माझ्याआधी ज्यांनी हे यंत्र उभे केले त्यांनी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आरंभ-ओळीत 'नेट.इफनेम्स=०' लिहून जुनी सुटसुटीत नावे परत आणली होती, म्हणजे अनुक्रमे 'ईथ०', 'ईथ१' आणि 'ईथ२'.

अर्धा तास नियम वाचण्यात घालवल्यावर मी शेवटी मदरबोर्डवरच्या पोर्टातली केबल उपटली आणि मॉनिटरवर पाहिले, तर लिंक गेली ती 'ईथ२' ची. तिथेच उलगडा झाला. पहाटेच्या रीबूटमध्ये दोन्ही कार्डांनी पहिले दोन क्रमांक पटकावले होते आणि मदरबोर्डवरचा पोर्ट मागे पडून 'ईथ२' झाला होता. त्यामुळे आतला पोर्ट राखीव जोडणी असल्यासारखा पत्ता मागत बसला होता, राखीव जोडणीचे कार्ड मुख्य जोडणीच्या नावाने कामाला लागले होते (यंत्रावरून पिंग जात होते ते म्हणूनच), आणि मुख्य फायबरला जोडलेल्या कार्डावर आमचा आतला पत्ता, पत्ते वाटणारी आमची डीएचसीपी सेवा आणि 'आतून आलेले सर्व काही येऊ द्यावे' हा फायरवॉलचा नियम जाऊन बसला होता. अभ्यासिकेचे इंटरनेट बंद पडले याची तक्रार आली, पण खरी काळजी दुसरीच आहे: पहाटेपासून साडेआठपर्यंत आमचे घर रस्त्याच्या बाजूने सताड उघडे होते आणि पुढच्या दाराला कुलूप होते.

पुन्हा रीबूट केल्यावर नावे जागेवर आली. तात्पुरते भागले, पण ही दुरुस्ती नव्हे.

१३ जून २०२४, गुरुवार

रात्री आठला अभ्यासिका बंद झाल्यावर यंत्र बारा वेळा बंद-चालू केले आणि प्रत्येक वेळी कोणत्या नावाला कोणता हार्डवेअर पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) आहे ते वहीत लिहिले. दहा वेळा क्रम बरोबर आला. एकदा परवासारखाच उलटला. आणि एकदा मदरबोर्डचा पोर्ट मधोमध, म्हणजे 'ईथ१' झाला. दोन रिअलटेक कार्डांचा आपापसातला क्रम मात्र एकदाही बदलला नाही, आणि कारण शोधायला हाच धागा उपयोगी पडला.

कर्नल 'ईथ' हे नाव आणि पुढचा रिकामा क्रमांक देतो तो ज्या क्रमाने पोर्ट त्याच्यापुढे हजर होतात त्या क्रमाने. हजर करण्याचे काम ड्रायव्हरचे, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचे. आमच्याकडे इंटेलच्या पोर्टासाठी 'ई१०००ई' आणि दोन्ही कार्डांसाठी 'आर८१६९' असे दोन निरनिराळे ड्रायव्हर आहेत, आणि यूडेव (उपकरणे ओळखून त्यांना नावे देणारा लिनक्सचा भाग) हे दोन्ही ड्रायव्हर एकापाठोपाठ नव्हे तर एकाच वेळी चढवायला घेतो. एकाच ड्रायव्हरची दोन कार्डे त्यांच्या पीसीआय क्रमाने तपासली गेली, म्हणून त्यांची जोडी फिरली नाही. पण दोन ड्रायव्हरांत पुढे कोण पोहोचेल हे त्या क्षणाच्या काही मिलिसेकंदांवर ठरते. म्हणजे गेली काही वर्षे ही व्यवस्था योग्य चालली, ती योग्य होती म्हणून नव्हे, तर इंटेलचा ड्रायव्हर बहुतेक वेळा शर्यत जिंकत होता म्हणून.

यावरून एक नोंद स्वतःसाठी: 'ईथ०' हे कोणत्याही पोर्टाचे नाव नाही, तो रांगेतला टोकन क्रमांक आहे. बँकेत आज आपल्याला सात क्रमांक मिळाला म्हणून उद्याही सातच मिळेल असे कोणी धरत नाही, पण आम्ही फायरवॉल त्याच भरवशावर लिहिली होती.

१७ जून २०२४, सोमवार

रूटच्या (मुख्य व्यवस्थापक खात्याच्या) फोल्डरमध्ये पूर्वीच्या व्यवस्थापकांनी जपून ठेवलेली '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' ही फाइल सापडली, त्यामुळे त्यांच्या मनात काय होते ते कळले. जुन्या डेबियनमध्ये यूडेव ही फाइल स्वतःच लिहीत असे: नवे कार्ड दिसले की त्याचा हार्डवेअर पत्ता आणि त्याला मिळालेले 'ईथ' नाव यांची एक ओळ जोडायची आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच नाव परत द्यायचे. कल्पना चांगली होती, पण दोन ठिकाणी ती अडखळत असे. कार्ड बदलले की जुन्याची ओळ तशीच राही आणि नवे कार्ड पुढचा क्रमांक घेई; डिस्कची नक्कल करून दुसऱ्या यंत्रात घातली की तिथले एकुलते एक कार्ड 'ईथ१' होऊन बसे आणि बिचारा माणूस 'ईथ०' शोधत राही. दुसरी अडचण अधिक खोल होती. कर्नल ज्या नावांच्या गटातून नावे वाटतो, त्याच गटात यूडेव फेरबदल करू पाहत असे. 'ईथ०' ला 'ईथ१' करायचे तर आधी 'ईथ१' रिकामे हवे, आणि तेवढ्यात कर्नल तिसऱ्याच पोर्टाला ते देऊन मोकळा झालेला असे. अशा झटापटीत 'रीनेम३' असल्या अर्धवट नावाने अडकलेले पोर्ट मी स्वतः पाहिले आहेत.

जानेवारी २०१३ मधल्या सिस्टमडीच्या (यंत्र सुरू करून सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था, यूडेव तिचाच भाग) १९७ व्या आवृत्तीने हा मार्ग सोडला आणि पोर्ट कुठे बसला आहे त्यावरून नाव देण्याची पद्धत आणली. त्याआधी २०११ मध्ये फेडोरा १५ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराने डेलच्या 'बायोसडेवनेम' द्वारे 'ईएम१', 'पी१पी१' अशी नावे देऊन तोच प्रयत्न केला होता. डेबियनने नव्या स्थापनांसाठी ही पद्धत २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून घेतली. आमच्या यंत्रावर नेमके उलटे घडले आहे: नवी पद्धत 'नेट.इफनेम्स=०' ने बंद केली, जुनी फाइल डेबियन सोडून पुढे गेले, आणि आम्ही दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात उभे आहोत. ती फाइल पुन्हा वापरात आणण्याचा मोह होतो, पण तो विचार सोडून दिला.

२० जून २०२४, गुरुवार

आरंभ-ओळीतून 'नेट.इफनेम्स=०' काढले, ग्रब (कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) नव्याने लिहून घेतला आणि रीबूट केले. मदरबोर्डचा पोर्ट 'ईएनओ१' झाला, वरचे कार्ड 'ईएनपी२एस०' आणि खालचे 'ईएनपी३एस०'. 'ईएन' म्हणजे इथरनेट. 'ओ१' म्हणजे फर्मवेअरने (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरने, म्हणजे बायोसने) स्वतः सांगितलेला मदरबोर्डवरचा पहिला पोर्ट. 'पी२एस०' म्हणजे पीसीआयच्या दोन क्रमांकाच्या बसवरचे (कार्डे जोडणाऱ्या वाहिनीवरचे) शून्य क्रमांकाचे उपकरण. फर्मवेअरने खाचेचा क्रमांक सांगितला असता तर 'ईएनएस' ने सुरू होणारे नाव आधी निवडले गेले असते, पण आमचा मदरबोर्ड त्याबाबत मौन बाळगून आहे.

जुने नाव कुठे कुठे लिहिले होते ते शोधण्यात मात्र दुपार गेली. इंटरफेसेसची फाइल, डीएनएसमास्क आणि फायरवॉलचे एनएफटेबल्स हे अपेक्षितच होते. त्याखेरीज सिस्कटीएलमधल्या (कर्नलच्या सेटिंगमधल्या) दोन ओळी, मुख्य जोडणी बंद पडल्यास राखीवकडे वळवणारी स्क्रिप्ट आणि महिन्याचा वापर मोजणारे व्हीएनस्टॅट यांतही ते निघाले. एकूण सहा ठिकाणे. सहकारी शेजारी बसून पाहत होता, तो म्हणाला, "सर, हे नाव आहे की गाडीचा नंबर?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दहा रीबूटमध्ये दहाही वेळा नावे तीच आली, म्हणून आज तक्रार करावीशी वाटत नाही.

१२ जुलै २०२४, शुक्रवार

तक्रार करण्याची वेळ आली.

मंगळवारी, ९ तारखेला, लॉग आणि वापराच्या नोंदी ठेवण्यासाठी अडॅप्टरवर बसवलेली एक छोटी एनव्हीएमई डिस्क मोकळ्या खाचेत घातली. यंत्र सुरू झाले, इंटरनेट चालू होते, मी समाधानाने घरी गेलो. बुधवारपासून स्पर्धा परीक्षेची मुले सांगू लागली की व्हिडिओवरची व्याख्याने उघडत नाहीत आणि पाने रांगत येतात. दोन दिवस मी जोडणी पुरवणाऱ्यांच्या मागे लागलो. त्यांच्या बाजूने काहीच बिघडलेले नव्हते.

आज स्क्रिप्टची नोंद वाचली तेव्हा कळले की ९ तारखेच्या संध्याकाळपासून ती 'मुख्य जोडणी बंद' असे म्हणत आहे, कारण 'ईएनपी२एस०' नावाचा पोर्टच यंत्रात उरलेला नव्हता. बस क्रमांक हे खाचेवर कोरलेले नसतात. सुरू होताना फर्मवेअर पुलामागून पूल (बस जोडणारे दुवे) मोजत जाते आणि जिथे काही सापडेल तिथे पुढचा क्रमांक टाकते. नवी डिस्क मोजणीत कार्डांच्या आधी आली, दोन क्रमांकाची बस तिला मिळाली, आणि एसटीच्या रांगेत मधे एकजण घुसल्यावर मागचे सगळे एकेक पाऊल सरकतात तशी दोन्ही कार्डे सरकून 'ईएनपी३एस०' आणि 'ईएनपी४एस०' झाली.

नाव नाहीसे झाले असते तर ते परवडले असते, कारण काहीतरी ठळकपणे बंद पडले असते आणि मी तासाभरात तिथे पोहोचलो असतो. येथे झाले असे की 'ईएनपी३एस०' हे नाव जिवंत राहिले आणि दुसऱ्याच कार्डाच्या गळ्यात पडले. काल राखीव जोडणीचे असलेले नाव आज मुख्य फायबरच्या कार्डाला आले, त्यासोबत राखीव जोडणीसाठी मी लावलेली वेगमर्यादा आणि व्हिडिओबंदीही आली, आणि अख्खी अभ्यासिका शंभर एमबीपीएसच्या फायबरवरून दहाच्या वेगाने तीन दिवस रांगत राहिली. या नावांना 'प्रेडिक्टेबल' म्हणतात ते अगदी खोटे नाही. हार्डवेअर तेच राहिले तर नाव आधी सांगता येते. मी मात्र त्या शब्दाचा अर्थ 'कायमचे' असा लावला होता, आणि ती चूक माझी.

१५ जुलै २०२४, सोमवार

नाव कशाला बांधायचे, याचा निर्णय करण्यापूर्वी दोन्ही बाजू लिहून पाहतो.

जागेला बांधले तर कार्ड जळाल्यावर त्याच खाचेत नवे घातले की काहीही न बदलता काम सुरू होते. मोठ्या डेटा सेंटरमध्ये, जिथे रोज कोणीतरी कार्डे बदलत असते, तिथे हेच योग्य. पण जागेचा क्रमांक आमच्या स्वस्त मदरबोर्डवर स्थिर नाही, हे सिद्ध झाले आहे. हार्डवेअर पत्त्याला बांधले तर कार्ड कोणत्याही खाचेत टाका, आजूबाजूला काहीही घाला-काढा, बायोस अद्ययावत करा, नाव त्याच कार्डाबरोबर जाईल. फक्त कार्ड बदलले की एक ओळ हाताने बदलावी लागेल. आमच्या यंत्रात नव्या वस्तू घातल्या जाण्याची शक्यता कार्ड जळण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे, शिवाय कार्ड बदलणे हे जाणूनबुजून केलेले काम असते आणि त्या वेळी माणूस यंत्रापुढे बसलेला असतो. बस सरकते ती कोणाला न सांगता. म्हणून पत्ता.

दुसरा निर्णय नावाचा. 'ईथ' ने सुरू होणारे नाव पुन्हा द्यायचे नाही, कारण मग कर्नलशी तीच जुनी झटापट सुरू होते. नाव कामावरून असावे. सहकाऱ्याने विचारले की सरळ देवनागरीत 'आत' आणि 'बाहेर' अशी का नकोत. प्रश्न गंमतीचा होता, पण मी हिशेब केला: कर्नल नावाला पंधरा बाइट देतो, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि 'बाहेर' मध्ये ब, काना, ह, मात्रा, र अशी नेमकी पाच चिन्हे आहेत, म्हणजे बरोबर पंधरा! पुढे १ किंवा २ लिहायला जागा उरत नाही हा एक भाग. दुसरा असा की सिस्टमडी आस्कीबाहेरचे (साध्या रोमन अक्षरे-अंक-चिन्हांच्या संचाबाहेरचे) अक्षर पोर्टाच्या नावात स्वीकारतच नाही. तेव्हा शब्द मराठी आणि यंत्रातली लिपी रोमन असे ठरले (या वहीत मात्र ती देवनागरीतच लिहितो): 'आत०', 'बाहेर१', 'बाहेर२'.

१७ जुलै २०२४, बुधवार

आषाढी एकादशीची सुट्टी असल्याने अभ्यासिका बंद होती आणि दिवसभर यंत्र हातात मिळाले.

सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये तीन छोट्या '.लिंक' फाइली लिहिल्या. प्रत्येकीत दोनच भाग: 'मॅच' खाली कार्डाचा हार्डवेअर पत्ता आणि 'लिंक' खाली त्याला द्यायचे नाव. फाइलींची नावे '१०-' ने सुरू केली, कारण त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, पोर्टाला जुळणारी पहिली फाइल लागू होते आणि उरलेल्यांकडे पाहिलेही जात नाही, मुळातली '९९-डिफॉल्ट.लिंक' म्हणूनच शेवटी बसलेली असते. या फाइलींची एक प्रत आरंभीच्या रॅम-प्रतिमेतही (यंत्र सुरू होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या प्रणालीतही) जाते आणि आमच्या कार्डांचे ड्रायव्हर तिथेच चढतात, त्यामुळे बदल केल्यावर 'अपडेट-इनिट्रामएफएस' चालवून दोन्ही प्रती सारख्या करून घेतल्या. चालू असलेल्या पोर्टाचे नाव आमच्या कर्नलवर बदलता येत नाही, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असे उत्तर येते, म्हणून रीबूट अटळ होते.

त्याच ओघात फायरवॉलमध्ये एक बदल केला, जो या सगळ्या प्रकल्पातला मला सर्वांत मोलाचा वाटतो. एनएफटेबल्समध्ये पोर्ट दोन प्रकारे सांगता येतो: 'आयआयएफ' लिहिले तर नियम चढवतानाच नावावरून कर्नलमधला अंक शोधला जातो आणि तो पोर्ट त्या क्षणी नसेल तर नियमांची पूर्ण फाइलच चढत नाही, 'आयआयएफनेम' लिहिले तर प्रत्येक पॅकेटच्या वेळी नावाची तुलना होते. आमच्या फाइलीत दोन्हींची सरमिसळ होती. आता सगळीकडे 'आयआयएफनेम' आहे, मूळ धोरण 'सर्व काही टाकून द्यावे' असे आहे, आणि मोकळीक केवळ 'आत०' या एकाच नावाला आहे. उद्या एखाद्या पोर्टाला आपले नाव मिळाले नाही, तो 'ईएनपी' किंवा आणखी काही म्हणून उभा राहिला, तर त्याच्यासाठी कोणताही नियम नसेल आणि तो बंदच राहील. डीएनएसमास्कला 'बाइंड-डायनॅमिक' दिले, म्हणजे पोर्ट उशिरा उगवला तरी त्याला तो सापडेल.

संध्याकाळपर्यंत पंधरा रीबूट केले. मधे एकदा डिस्क काढून, एकदा दोन्ही कार्डांच्या खाचा अदलाबदल करून पाहिल्या. नावे हलली नाहीत. खाचा बदलल्या त्या वेळी सहकाऱ्याने केबली मात्र पूर्वीच्याच जागी लावल्या होत्या आणि दोन्ही जोडण्या उलटल्या; म्हणून प्रत्येक कार्डाच्या पट्टीवर आणि त्यात जाणाऱ्या केबलच्या टोकावर एकाच रंगाची चिकटपट्टी लावली.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

डेबियन ११ ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती या आठवड्यात थांबून ती दीर्घकालीन पथकाकडे गेली, म्हणून यंत्र १२ वर नेले. सिस्टमडी २४७ वरून २५२ झाले. आवृत्तीगणिक नावे बनवण्याचे नियमही थोडे बदलतात आणि जुन्या नियमांना चिकटून राहायचे असेल तर 'नेट.नेमिंग-स्कीम' हा पर्याय द्यावा लागतो. नाव आम्हीच दिलेले असल्याने आम्हाला त्याची गरज पडली नाही. अद्ययावत होण्याला दोन तास लागले, पोर्टांकडे पाहावेही लागले नाही.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

कार्यालयाचे दोन संगणक आणि अभ्यासिका एकमेकांपासून वेगळ्या करण्यासाठी 'आत०' वर दोन व्हीलॅन (एकाच पोर्टावर चालणारी वेगवेगळी आभासी नेटवर्के) घेतले. कालच गणपती बसले, त्यामुळे वर्दळ कमी होती. रीबूटनंतर सगळे चालू होते, पण जर्नलमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) यूडेवची एक ओळ वारंवार दिसू लागली की अमुक पोर्टाला 'आत०' हे नाव देता आले नाही, ते आधीच अस्तित्वात आहे.

कारण लिहून ठेवण्यासारखे आहे. व्हीलॅनचा उपपोर्ट आपल्या मूळ पोर्टाचाच हार्डवेअर पत्ता धारण करतो, मी '.लिंक' मध्ये 'मॅकअ‍ॅड्रेस' हीच कसोटी दिली होती, म्हणून प्रत्येक नवा व्हीलॅन त्या कसोटीला उतरत होता आणि यूडेव त्यालाही 'आत०' करायला निघत होता. यावेळी मूळ पोर्ट आधी आलेला असल्याने काही बिघडले नाही, पण पुन्हा नशिबावर चालणारी यंत्रणा मला नको होती. कसोटी बदलून 'पर्मनंटमॅकअ‍ॅड्रेस' केली, जी कार्डाच्या चिपमध्ये मुळात लिहिलेला पत्ता तपासते. व्हीलॅनला असा स्वतःचा जन्मजात पत्ता नसतोच. जोडीला 'टाइप=ईथर' ही ओळही टाकली. जर्नल शांत झाले.

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

दोन्ही जोडण्या एकदम गेल्या तर यूएसबी केबलने मोबाइल जोडून काम भागवावे, अशी ग्रंथपाल मॅडमची सूचना होती. फोन जोडल्यावर डेबियनने त्याला 'ईएनएक्स' आणि पुढे हार्डवेअर पत्त्याचे बारा अंक असे नाव दिले, म्हणजे पंधरा अक्षरांची मर्यादा काठोकाठ भरली. माझा फोन केबल काढून पुन्हा लावल्यावर प्रत्येक वेळी नवाच पत्ता सांगतो, आणि तो कारखान्यात दिलेला नसून जागेवर बनवलेला आहे हे पहिल्या बाइटवरून ओळखू येते. येथे पत्त्याला बांधण्यात अर्थ नाही. म्हणून याच एका बाबतीत मी स्वतःचा १५ जुलैचा निर्णय उलटा केला: यंत्राच्या पुढच्या बाजूच्या डावीकडील यूएसबी पोर्टाचा मार्ग यूडेवकडून विचारून घेतला आणि '.लिंक' मध्ये 'पाथ' ही कसोटी देऊन नाव 'फोन०' ठेवले. कोणाचाही फोन चालेल, पोर्ट मात्र तोच हवा. त्या पोर्टावर लाल टिकली चिकटवली आहे.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

परतीच्या पावसात काल रात्री विजा कडाडल्या आणि सकाळी 'बाहेर१' नाहीसा झाला होता; कार्ड 'एलएसपीसीआय' मध्येही (यंत्रातल्या कार्डांची यादी देणाऱ्या आज्ञेतही) दिसत नव्हते. मी बाहेरगावी होतो. 'आत०' आणि 'बाहेर२' जागेवर होते, स्क्रिप्टने राखीव जोडणी घेतली होती आणि अभ्यासिका सुरू राहिली, म्हणून घाई नव्हती. सहकाऱ्याने गावातल्या दुकानातून नवे कार्ड आणले आणि यंत्राच्या आतल्या बाजूला मी चिकटवलेल्या कागदाप्रमाणे काम केले: कार्ड बसवले, त्यावरच्या चिठ्ठीवरचा पत्ता 'बाहेर१' च्या फाइलीत लिहिला, रॅम-प्रतिमा नव्याने बनवली, रीबूट केले.

साडेअकराला त्याचा फोन आला. "सर, कागदावरचं सगळं केलं, पण बाहेर-एक येत नाही. त्याऐवजी ते जुनं गाडीच्या नंबरवालं नाव दिसतंय." मी त्याला आधी विचारले की त्या नावाच्या पोर्टावरून काही आत-बाहेर जाते आहे का. त्याने पाहून सांगितले की केबलचा दिवा लागला आहे, पण पोर्टाला पत्ता नाही आणि फायरवॉलच्या मोजणीत त्याच्यासाठी एकही पॅकेट मोकळे झालेले नाही. जूनमध्ये याच जागी आमचे दार सताड उघडे पडले होते.

मग त्याला 'आयपी लिंक' मधला पत्ता आणि फाइलीतला पत्ता एकेक जोडी करून मोठ्याने वाचायला लावला. पाचव्या जोडीवर तो थांबला. चिठ्ठीवरच्या बारीक छपाईत 'बी' हे अक्षर त्याने आठ असे वाचले होते. ओळ दुरुस्त करून पुन्हा रीबूट केले आणि अकरा पन्नासला 'बाहेर१' वरून मुख्य जोडणी चालू झाली.

सोमवारी परतल्यावर यंत्रातला कागद बदलायचा आहे. 'कार्डावरील चिठ्ठी पाहून पत्ता लिहावा' ही ओळ खोडून 'कार्ड बसवून यंत्र सुरू करावे, इथटूलला (पोर्टाची माहिती देणाऱ्या आज्ञेला) कायमचा पत्ता विचारावा आणि तोच जसाच्या तसा फाइलीत उतरवावा' अशी लिहायची, आणि नव्या कार्डाच्या पट्टीला जुन्यासारखीच निळी चिकटपट्टी लावायची. आज ती राहून गेली आहे.